सगळ्यांत शेवटी जेवणारी आई

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा निरोप आला आणि मला थेट सातवीतला शनिवारचा शेवटचा तास आठवला. त्या तासाला मराठीच्या बाई ‘श्यामची आई’ वाचून दाखवायच्या. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, एकूण ४२. बाई एका शनिवारी एकच रात्र वाचायच्या, कितीही गयावया केली तरी दुसरी नाही.

त्या दिवशी ‘अळणी भाजी’ होती. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील अवाक्षर न काढता जेवतात, ते बोलत नाहीत म्हणून मुलंही गप्प. “यातून काय दिसतं?” बाईंनी विचारलं. मी तत्परतेने वडिलांचा मोठेपणा सांगितला.

“बरोबर. पण आईला कधी कळलं?”

वर्ग शांत. तिला कळलं ते सगळ्यांची जेवणं उरकून ती स्वतः पानावर बसली तेव्हा.

त्या रात्री मी जेवून हात धुतले, पण स्वयंपाकघरातून हललो नाही. आईने भाजीच्या पातेल्यातच भात कालवला आणि कडेला लागलेला रस्सा बोटाने निपटून घेतला. रोजच तसं जेवत असणार. मी कधी पाहिलंच नव्हतं.

श्यामच्या आईला सगळे हळवी म्हणतात, ते मला कधीच पटलं नाही. पोहायच्या भीतीने माळ्यावर लपलेल्या पोराला शिंपटीने झोडपून विहिरीवर धाडणारी ती बाई आहे. आणि तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम हटून बसतो, तेव्हा धोंड्यावर आपले ओचे पसरणारीही तीच. घरात कर्ज वाढत जातं, तिच्या अंगात ताप मुरत जातो, तरी पोटाच्या हालांनी ती खचत नाही. तिच्या जिव्हारी लागते ती दारात आलेली जप्ती, गावभर झालेली बेअब्रू. बाई ती रात्र वाचताना मध्येच थांबल्या होत्या. पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. तास संपल्याची घंटा झाली तरी आम्ही कोणी उठलो नाही.

आता आमच्याकडे आई पहिल्या पंगतीला बसते. मी तसं बसवतोच. पण पहिला घास घेण्याआधी ती अजून आमच्या तोंडाकडे बघते आणि विचारते, “मीठ बरोबर आहे ना रे?”