कोड ९२

अर्थशास्त्रात एम.ए. करताना बेरोजगारीच्या व्याख्या मी तोंडपाठ केल्या होत्या, पण रोजगाराचा आकडा प्रत्यक्षात कसा तयार होतो, हे मला समजले ते नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यातल्या एका अरुंद जिन्यावर. एका खासगी संस्थेने रोजगार आणि वेतन या विषयावर हाती घेतलेल्या अभ्यासासाठी मी काही महिने प्रगणक म्हणून काम केले. सकाळी कळव्याहून निघायचे, ठाण्याला ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायची, घणसोली किंवा कोपरखैरण्याला उतरायचे आणि यादीत निघालेली घरे शोधत फिरायचे, असा तो दिनक्रम होता. प्रश्नावली संस्थेची असली तरी कामाचे कोड मात्र केंद्र सरकारच्या ‘पीरिऑडिक लेबर फोर्स सर्व्हे’तून, म्हणजे पीएलएफएसमधून, जसेच्या तसे घेतलेले होते. ११ म्हणजे स्वतःचा धंदा स्वतः करणारा, २१ म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावणारा, ३१ म्हणजे नियमित पगारदार, ५१ म्हणजे रोजंदारीवर जाणारा, ८१ म्हणजे काम शोधणारा आणि ९२ म्हणजे फक्त घरकाम करणारी. व्याकरणाने ‘करणारा’ म्हणायला हवे, पण मला त्या कोडखाली एकही पुरुष सापडला नाही.

या भागात बाजार समितीत ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे. सातारा, जुन्नर, आंबेगावकडून आलेली ही कुटुंबे आहेत आणि लहान घरांवर मजले चढवत ती इथे स्थिरावली आहेत. अशाच एका घरात दार उघडणाऱ्या बाईंनी मला पाणी दिले, नवऱ्याची सगळी माहिती सांगितली, आणि स्वतःच्या ओळीवर आल्यावर म्हणाल्या, “माझं काय लिवायचं ताई, मी घरीच असते.” त्यांच्या पाठीमागे शिलाई मशीन होते, मशीनवर घडी घातलेल्या सात-आठ साड्या होत्या, आणि खिडकीच्या ग्रिलला आतून बाहेर वाचता येईल असा पुठ्ठा बांधलेला होता : ‘साडीला फॉल-बिडिंग करून मिळेल’. मी विचारले, “या साड्या कोणाच्या?” त्या म्हणाल्या, “त्या व्हय? लोकांच्या. येतात चार-दोन.” चार-दोन म्हणजे महिन्याला किती, असे खोदून विचारल्यावर लग्नसराईच्या त्या महिन्यात पंचेचाळीस साड्या निघाल्या.

त्या क्षणी माझ्या हातात दोन पर्याय होते. ९२ लिहिले की त्यांची ओळ तिथेच संपत होती. ११ लिहिले की धंद्याचा प्रकार, जागा, गेल्या सात दिवसांतले रोजचे तास, गेल्या तीस दिवसांची मिळकत, असे आणखी पानभर प्रश्न उघडत होते आणि त्यासाठी किमान वीस मिनिटे लागत होती. माझे मानधन भरलेल्या फॉर्मांवर होते, दिवसांवर नव्हते. नेमणुकीचे पत्र नव्हते, प्रवासखर्च मिळत नव्हता आणि शेवटच्या महिन्याचे पैसे तर चार वेळा फोन केल्यावर आले. म्हणजे श्रमबाजारातली असुरक्षितता मोजण्याचे काम संस्थेने जिच्याकडे सोपवले होते, तिने ९२ लिहावे यातच तिचा फायदा होता. मी त्या दिवशी ११ लिहिले, पण सगळ्याच घरांत लिहिले असेन, अशी खात्री मला देता येत नाही. संध्याकाळी सातनंतरच्या घरांत तर नाहीच.

हे इतके तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत आपल्याकडे ज्या आकड्यावर सर्वांत जास्त चर्चा झाली, तो नेमका याच उंबरठ्यावर ठरतो. पीएलएफएसनुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण, २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. सहा वर्षांत एवढी झेप ही साधी गोष्ट नाही. फोड केली की दिसते की ग्रामीण भागात हे प्रमाण २४.६ वरून ४७.६ वर गेले आणि शहरी भागात २०.४ वरून २८ वर. त्याच काळात काम करणाऱ्या स्त्रियांमधला स्वयंरोजगाराचा वाटा ५१.९ वरून ६७.४ टक्के झाला, आणि या स्वयंरोजगारात कोड २१, म्हणजे बिनपगारी हातभार, मोठ्या प्रमाणावर आहे. या आकड्यांचा एक अर्थ असा लावला जातो की स्त्रिया मोठ्या संख्येने कामाला लागल्या. दुसरा असा की घरची मिळकत पुरेना म्हणून त्यांना मिळेल ते करावे लागले. आणि तिसरा असा की पूर्वी जे काम ९२ मध्ये बुडत होते, ते आता ११ आणि २१ मध्ये नोंदवले जाऊ लागले. तिन्ही अर्थ एकाच वेळी काही अंशी खरे असू शकतात. माझा कल तिसऱ्याला बऱ्यापैकी वजन देण्याकडे आहे. अर्थात नुसत्या नोंदीच्या बदलाने एवढी मोठी वाढ होईल, असेही मी म्हणणार नाही.

ही अडचण फक्त आपलीच नाही. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांच्या कामाचा मोठा भाग अमेरिकेच्या जुन्या जनगणनांमधली हीच गळती शोधण्याचा आहे. त्या नोंदींत विवाहित स्त्रीच्या व्यवसायाच्या रकान्यात सर्रास ‘पत्नी’ असे लिहिलेले असे, मग ती शेतात राबत असो की घरच्या धंद्यात. इतर साधनांतून गोल्डिन यांनी हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा १८९० च्या दशकाअखेरीस काम करणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण जनगणनेतल्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट निघाले. त्या ‘पत्नी’ला आपण कोड ९२ दिला आहे, एवढाच फरक. या कोडाच्या नावातला ‘फक्त’ हा शब्द तर मला विशेष खटकतो. केंद्राच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरातली बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि ती कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे.

मात्र माहिती कोण देते, या प्रश्नाची एक उलट बाजूही आहे. टांझानियात काही अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला आणि त्याचा निबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी काही घरांत तपशीलवार प्रश्नावली वापरली आणि काहींत त्रोटक. काही ठिकाणी ज्याच्या त्याला विचारले आणि काही ठिकाणी घरातल्या दुसऱ्याच व्यक्तीला. त्रोटक प्रश्नावलीत स्त्रियांचे काम कमी नोंदले गेले, हे अपेक्षितच होते. पण दुसऱ्याने उत्तर दिल्यावर जे काम गळाले, ते पुरुषांचे होते. हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही, कारण आमच्या यादीतल्या बहुतेक घरांत दुपारी बायकाच भेटत आणि नवऱ्याच्या पगाराचा आकडा विचारला की त्या घरात येणारा आकडा सांगत. “धा हजार देतात घरात” हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेन! उरलेले भिशीत जातात, गावाकडे जातात की आणखी कुठे, हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असले तरी पहिल्याच भेटीत ते मला सांगण्याचे कारण नव्हते.

वेतनाचा प्रश्न तर कोडापेक्षाही अवघड आहे, कारण तिथे पीएलएफएस तिघांना तीन वेगळ्या मापांनी मोजते. पगारदाराला मागच्या कॅलेंडर महिन्याचा पगार विचारतात, स्वयंरोजगारवाल्याला गेल्या तीस दिवसांची मिळकत आणि रोजंदारीवाल्याला गेल्या सात दिवसांतल्या एकेका दिवसाची मजुरी. प्रत्येक माप आपापल्या जागी समंजस आहे. घोळ होतो तो त्यांची शेजारीशेजारी तुलना करताना. घणसोलीच्या नाक्यावर उभे राहणारे एक गवंडी मला म्हणाले, “रोज नऊशेचा.” २६ दिवसांनी गुणले तर ते २३,४०० होतात आणि एखाद्या लहान कंपनीतल्या कारकुनापेक्षा हा माणूस बरा, असे वाटू लागते. पण त्या महिन्यात त्यांना काम लागले होते १४ दिवस, म्हणजे हातात आले १२,६००. उरलेले दिवस ते नाक्यावर दहा-साडेदहापर्यंत थांबून परत गेले होते. रोजंदारीची सरासरी काढताना ज्या दिवशी मजुरी मिळाली तोच दिवस धरला जातो, नाक्यावर नुसते उभे राहिलेले दिवस तिच्यात येत नाहीत. शिवाय साप्ताहिक स्थितीच्या व्याख्येनुसार सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केले, तरी माणूस रोजगारात धरला जातो. एप्रिल २०२५ पासूनचे जे मासिक आकडे आता वर्तमानपत्रांत येतात, ते याच साप्ताहिक स्थितीचे आहेत. बेरोजगारी कशी मोजावी हे सुचवणाऱ्या दांतवाला समितीच्या शिफारशींनंतर राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९७२-७३ च्या फेरीत नेहमीची (म्हणजे वर्षभराची), साप्ताहिक आणि दैनिक अशा तीन स्थिती वेगवेगळ्या मोजल्या गेल्या, त्या उगीच नव्हे. अर्ध्या दिवसाचे काम आणि अर्ध्या दिवसाची बेकारी दिसायची तर दैनिक हिशेबच लागतो.

फॉल-बिडिंग करणाऱ्या बाईंबरोबर मी असाच हिशेब मांडून पाहिला. साडीमागे १२० रुपये, त्यातून फॉल आणि दोऱ्याचे तीस वजा. खालची कड मशीनवर, वरची हाताने टाके घालून, असा एका साडीला सुमारे दीड तास. पंचेचाळीस साड्यांचे हातात राहिले ४,०५० रुपये आणि तास झाले साडेसदुसष्ट, म्हणजे ताशी ६० रुपये. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “तासाचं कोण मोजतंय?”

कोड ३१ मधली विषमता मला सर्वांत जास्त फसवी वाटते, कारण ती ‘नियमित पगारदार’ या भारदस्त शब्दांमागे लपते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एकाच खात्यात, एकाच पाळीत काम करणारे दोघे शेजारी मला एकाच मजल्यावर भेटले. एकाला कंपनीची पगाराची पावती, दिवाळीचा बोनस आणि भरपगारी रजा होती. दुसऱ्याला ठेकेदाराकडून बँकेत येणारी रक्कम आणि अकरा महिन्यांनी ‘ब्रेक’, म्हणजे नोकरीत मुद्दाम पाडलेला खंड. दोघांचाही कोड ३१. वार्षिक उद्योग पाहणीनुसार देशातल्या संघटित कारखान्यांमधल्या कामगारांपैकी सुमारे ४० टक्के आज ठेकेदारामार्फत येतात, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही. पीएलएफएसने यासाठी लेखी कराराचा वेगळा प्रश्न ठेवला आहे, ही चांगली गोष्ट आहे, आणि २०१७-१८ मध्ये शेतीबाहेरच्या नियमित पगारदारांपैकी ७१.१ टक्क्यांकडे असा करार नव्हता. वेतनातली तफावत शोधताना मी कोडाच्या आधी हा रकाना पाहते.

माथाडींच्या बाबतीत तर कोड कोणता लावायचा, यावरच आमच्या गटात वाद झाला. १९६९ च्या माथाडी कायद्यानुसार मजुरी मालाच्या आवकेवर ठरते, व्यापारी ती लेव्हीसकट, म्हणजे मजुरीवरच्या जादा आकारासकट, माथाडी मंडळात भरतो आणि मंडळ कामगाराला देते. त्यामुळे काम तुकड्यावरचे, पण पैसे पगारासारखे आणि सोबत भविष्यनिर्वाह निधी. आम्ही अखेर ३१ लावला. पण त्याच टोळीबरोबर, नोंदणी नसताना, मुकादमाच्या शब्दावर गोणी उचलणाऱ्या पोराला ५१ लावला, आणि बाप-लेकाच्या त्या एका घरात देशाच्या श्रमबाजाराची दोन टोके एकाखाली एक लिहिली गेली.

आमच्या अभ्यासात काही घरांना दुसऱ्यांदा भेट द्यायची होती. फॉल-बिडिंगच्या घरी मी दीड महिन्याने गेले, तेव्हा पौष लागला होता. मशीनवर कापड टाकलेले होते आणि त्यावर मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. दार नवऱ्याने उघडले. रात्रपाळी करून आल्यामुळे ते घरी होते. बायकोच्या ओळीचा प्रश्न विचारल्यावर ते सहज म्हणाले, “तिचं काय, ती घरीच असते.” मी विचारले, “मग आता कुठे आहेत?” ते म्हणाले, “हितं खाली पोळी-भाजी केंद्रात जाते सकाळची, चपात्या लाटायला. येईल साडेअकराला.”

मी जिन्यात बसून राहिले. बाई आल्या त्या हाताला पीठ असतानाच. सकाळी साडेसात ते अकरा, आठवड्यातून सहा दिवस, महिन्याच्या शेवटी रोख, चिठ्ठी-पावती काही नाही. साड्या परत सुरू झाल्या तरी हे सोडणार नाही, असे त्यांनी सांगितले. मी ११ खोडून ३१ लिहिले. देशाच्या तक्त्यात अशा एका ओळीने नियमित पगारदार स्त्रियांची संख्या एकाने वाढते. मग पगाराचा रकाना आला आणि मी रक्कम विचारली. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिले, मग “ताई, चहा घ्या की, आत या” म्हणून मला स्वयंपाकघरात नेले आणि गॅस पेटवता पेटवता हळू आवाजात आकडा सांगितला.