बंड्या, ठमी आणि सावलीचा हिशेब

लांबच्या प्रवासाचं नियोजन म्हणजे दादाच्या मते तीनच गोष्टी: किती वाजता निघायचं, किती वाजता पोचायचं आणि टाकी कुठे फुल्ल करायची. बाकी सगळं वाटेत बघू. माणसांपुरतं हे चालतं. भूक लागली की थांबा, पाय आखडले की थांबा, वाटलं तर थांबूही नका. पण मागच्या सीटवर दोन कुत्री असली की हे 'वाटेत बघू' नेमकं अशा ठिकाणी येऊन अडतं, जिथे एका बाजूला ट्रकची रांग, दुसऱ्या बाजूला तापलेलं काँक्रीट आणि झाड म्हणून फक्त फलकावर छापलेलं चित्र.

म्हणून थांबे ठरवायचं काम मी माझ्याकडे घेतलं. दर दोन ते तीन तासांनी थांबावं हा सर्वसाधारण सल्ला ठीकच आहे. पण दोन तासांनी जे येईल ते कुत्र्याला थांबायच्या लायकीचं असेलच असं नाही. मी किलोमीटर मोजायचं सोडून आधी सावली शोधते आणि मग तिच्याभोवती तास बसवते.

नकाशाचं सॅटेलाइट दृश्य त्यासाठी फार कामाचं. हायवेची रेघ पकडून पुढे सरकत गेलं की पेट्रोल पंप, विश्रांतीस्थळं, सर्व्हिस रोडचे फाटे दिसतात आणि त्यांच्या आसपास हिरवं किती आहे तेही दिसतं. मात्र झाड असून भागत नाही, ते कोणत्या बाजूला आहे हेही बघावं लागतं. सकाळी सावली पश्चिमेला पडते, दुपारनंतर पूर्वेला. दुपारी चारला पोचणार असू आणि झाडांची रांग पार्किंगच्या पूर्वेला असेल, तर ती झाडं आपल्या काहीही उपयोगाची नाहीत. दादा माझ्या खांद्यावरून हे बघत होता. "तू बांधकामासाठी प्लॉट बघतेयस का?" म्हणाला. प्लॉटसुद्धा लोक इतका बघून घेत नाहीत, हे मी त्याला सांगितलं नाही.

प्रवासी दोन. बंड्या, वयस्कर लॅब्राडोर, मागच्या पायांचे सांधे धरलेला, स्वभावाने संत. आणि ठमी, कुठल्याच जातीची नसलेली, तरणी, गाडी वळणावर आली की पोटातलं बाहेर काढणारी. दोघांच्या गरजा एकमेकांच्या नेमक्या उलट्या. बंड्याला वारंवार उतरवून चालवायला हवं, नाहीतर सांधे आखडून तो उभाच राहत नाही. ठमीला गाडी एका लयीत चालत राहिलेली बरी.

निघालो पहाटे, अंधारात. ठमीला डॉक्टरांनी सांगितलेली मॅरोपिटंटची, म्हणजे ओकारी थांबवणारी, गोळी निघायच्या दोन तास आधी, घासभर खाण्यासोबत दिली होती. बंड्यालाही नेहमीच्या निम्मंच. मोठं जेवण मुक्कामाला पोचल्यावर. दोघांचे हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचे पट्टे, सीटबेल्टच्या कुलपात अडकवले. गळ्यातल्या पट्ट्याला बेल्ट कधीच अडकवायचा नाही. करकचून ब्रेक लागला तर सगळा हिसका मानेवर येतो. आणि पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर, कुत्रा बसवायचाच नाही, तो मांडीवर मावण्याएवढा असला तरी.

पहिला थांबा मी मुद्दाम लवकर ठेवला होता, शहर सुटल्यावर पाऊण तासाच्या आत. दादाचं तोंड वाकडं झालं. "आत्ता तर निघालो ना गं!" पण निघायच्या गडबडीत कुत्री घराखाली नीट मोकळी होत नाहीत. सामान बाहेर येताना बघून अंगात आलेलं असतं, अर्धी शू करून गाडीकडे धाव. पाऊण तासाने ती उत्तेजना ओसरते आणि मग खरी गरज कळते. बंड्याने उतरल्या उतरल्या एका खांबापाशी इतका वेळ घेतला की दादा शेवटी गप्प बसला.

त्यानंतरचा टप्पा छान गेला. उन्हं वर आली, काचेला जाळीचे पडदे लावले. पुढे बसलेल्यांना एसीचा गार झोत लागतो, म्हणून मागेही गार असेल असं आपण धरून चालतो. मागच्या काचेतून ऊन थेट पाठीवर येत असतं. आम्ही दक्षिणेकडे चाललो होतो, म्हणजे सकाळचं ऊन डाव्या बाजूने. काळ्या पाठीच्या बंड्याला उजवीकडे बसवलं होतं. दुपारी जागा बदलायच्या, हेही माझ्या कागदावर लिहिलेलं होतं. दादाने ते वाचून फक्त मान हलवली.

घाटाच्या वळणांवर ठमीकडे लक्ष ठेवून होते. ओकारी एकदम येत नाही. आधी ती ओठ चाटायला लागते, मग उगाच जांभया, मग लाळ. जांभई बघून तिला झोप आली असं वाटेल, तर तसं नसतं. दुसरी जांभई आली तशी मी म्हटलं, "दादा, पुढच्या मोकळ्या जागेत घे बाजूला." घाटाच्या माथ्यावर गाडी लावायला प्रशस्त जागा होती, रस्त्यापासून आत, मधे कठडा. तिथे पाच मिनिटं वारा खाल्ला आणि गोळीची लाज राखली गेली. काच उघडून तिचं डोकं बाहेर काढू दिलं असतं तर तिला आवडलं असतं, पण हायवेच्या वेगात उडणारा खडा डोळ्यात जातो. काच दोन बोटं खाली, तेवढंच.

गाडीचं दार उघडायच्या आधी लीश, म्हणजे फिरवायची दोरी, हातात, हा आमच्याकडचा एकमेव कडक कायदा. दार उघडणारा आणि लीश धरणारा माणूस एकच असावा, नाहीतर 'तू धरलंयस ना?' 'मला वाटलं तू' या दोन वाक्यांच्या मधे कुत्रा रस्त्यावर असतो. ट्रकचा हॉर्न ऐकून शांत कुत्रंही बिथरतं. गळ्यातल्या बिल्ल्यावर घरचा नव्हे, सोबत असलेला मोबाइल नंबर हवा. कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली असली तर त्या नोंदीतला नंबरही चालू आहे ना ते निघण्याआधी बघून घ्यावं.

दुपारचा थांबा हाच खरा प्रश्न होता. पोट आपल्यालाही असतं, आणि आत कुत्र्यांना प्रवेश नाही अशी पाटी बहुतेक ठिकाणी असते. 'एसी बंद करून काच थोडी उघडी ठेवू, दहा मिनिटांत येतो' हे ज्याला सुचतं त्याला मी एक आकडा सांगते. २००५ साली 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात बंद गाड्यांच्या तापमानाचा अभ्यास छापून आला होता. बाहेर हवा २२ अंशांची असो की त्याहून तापलेली, उन्हातल्या गाडीचं आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. म्हणजे बाहेर आपल्याला सुखद वाटतंय तेव्हा आत ४० च्या पुढे. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच ३८.३ ते ३९.२ अंश; ४१ च्या वर गेलं की उष्माघात. घाम जवळजवळ फक्त तळव्यांना, बाकी सगळी भिस्त धापांवर. आणि गाडीतली हवाच तापली की धापा टाकून काय होणार?

त्यामुळे आम्ही आळीपाळीने जेवलो. आधी दादा, मग मी. सावली मात्र माझ्या हिशेबाप्रमाणे, भिंतीच्या कडेने, बरोबर जिथे हवी तिथे पडलेली. हे दादाला दोनदा दाखवलं.

सावलीपर्यंत पोचायला मधे डांबराचा पट्टा होता. मी हाताची मागची बाजू टेकवून सात आकडे मोजायला घेतले, चारला हात उचलला. माझ्या हाताला सोसत नाही ते त्यांच्या तळव्यांनाही नाही. गाडी मागे घेऊन थेट गवताच्या कडेला लावली. बंड्याला उतरवायची आमची पद्धत ठरलेली आहे: एक हात छातीखाली, दुसरा पोटाखाली आणि चारही पाय सावकाश टेकवायचे. उंच गाडीतून त्याने स्वतः उडी मारली तर पुढचा तासभर लंगडतो.

पार्किंगच्या कोपऱ्यात, कुठल्याशा गाडीखाली, हिरवट पाण्याचं थारोळं होतं. ठमी त्याच्याकडेच ओढत होती. इंजिनाच्या कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असू शकतं. चवीला गोड आणि थोडं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी करणारं. साध्या डबक्याचीही तीच गत, उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस. पाणी घरचंच, पसरट वाडग्यात, दर थांब्यावर थोडं थोडं. एकदम भांडंभर पाजलं की पुढच्या वळणावर ते परत भेटीला येतं. आणि लसी पूर्ण न झालेलं पिल्लू सोबत असेल तर त्याला अशा जागी खाली सोडूच नये. पिल्लांच्या जिवावर उठणारा पार्व्हो व्हायरस मातीत महिनोन्महिने टिकतो, आणि हायवेवरच्या गवतावर कोणकोण कुत्री येऊन गेली याचा हिशेब कोण ठेवतो.

पण गवत हवंच. नुसतं शू करून चढवलं तर तो थांबा फुकट गेला असं मी मानते. कुत्र्याच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी तीस कोटींपर्यंत असतात, आपल्या साठेक लाख. त्याला नाक खाली घालून दहा-पंधरा मिनिटं हुंगू द्यावं; तासभर मागच्या सीटवर गुमान बसण्याची तीच किंमत. आणखी एक फायदा असा की, धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही, म्हणजे हुंगायला लागलं की अंग निवलं असं समजावं. ठमी उतरली तेव्हा जीभ पार खालपर्यंत लोंबत होती. भिंतीच्या सावलीत ती आधी नुसती उभी राहिली, मग बसली, पाणी प्यायली. थोड्या वेळाने तोंड मिटलं आणि नाक गवतात गेलं. तेव्हा मी दादाला म्हटलं, चला. घड्याळ बघायची गरज नव्हती.

चढवण्याआधी कानामागे, बोटांच्या मधे, काखेत हात फिरवून गोचीड बघितले. बंड्याच्या कानाच्या घडीत एक सापडला, अजून न चिकटलेला. दोघांच्या जागा बदलल्या. आता ऊन उजवीकडून.

दुपारनंतरचा एक थांबा मात्र नकाशाने दगा दिलेला निघाला. चित्रात दाट हिरवं होतं, प्रत्यक्षात झाडं तोडून रुंदीकरण चालू. ही चित्रं जुनी असू शकतात, म्हणून प्रत्येक थांब्यामागे अर्ध्या तासावरचा दुसरा लिहून ठेवलेला असतो. दादाने वेगसुद्धा कमी केला नाही, "नेक्स्ट!" म्हणाला, म्हणजे कागद त्याने वाचला होता.

संध्याकाळचा थांबा अंधार पडण्याआधी उरकला. दिवेलागणीला हायवेच्या कडेने कुत्रा फिरवणं मला पटत नाही. चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर समोरचे दिवे, आणि आपण चुकार सावल्या. चमकणारे पट्टे होते तरी आम्ही आतल्या रस्त्यालाच गेलो.

मुक्कामाला बंड्याने नीट चालत दारापर्यंत मजल मारली. यासाठीच सगळा आटापिटा. ठमीचं पोट शेवटपर्यंत शाबूत. दोघांना तासाभराने पोटभर जेवण.

रात्री दादा म्हणाला, "परतीला सोपं आहे, हेच थांबे उलटे." मधे दुभाजक आहे, यातला एकही थांबा पलीकडच्या बाजूला नाही, आणि उत्तरेकडे जाताना दुपारचं ऊन डावीकडून येईल. मी त्याच्यापुढे मोबाइल सरकवला. आता तो घाटानंतरचे पार्किंग मोठे करून बघतोय आणि मला विचारतोय की हे हिरवं म्हणजे झाड आहे का ताडपत्री.