सातबाऱ्यावरचं नाव, कवितेखालचं नाव

शनिवार, रात्री

वारसनोंदीचा फेरफार एकदाचा मंजूर झाला. नवा सातबारा काढून आणला. आप्पांच्या नावाला कंस पडलाय आणि खाली आई, ताई, मी, क्षेत्र सामाईक. ज्या रानात माणूस जन्मभर राबला, तिथून तो जातो तो असा, कंसात. गंमत म्हणजे ज्या कागदासाठी भावाभावांची डोकी फुटतात, तो मालकीचा पक्का पुरावा नाहीच. ती शेतसाऱ्यासाठीची महसुली नोंद, असं न्यायालयं कितीदा सांगून चुकली आहेत. ऐकतो कोण!

हे रान आजोबांना कुळ म्हणून मिळालं. 1 एप्रिल 1957 ला कुळकायद्याने कसणाऱ्याला मालक मानलं, त्यातलं. सतराव्या शतकात जॉन लॉक म्हणून गेला की माणसाने आपले कष्ट ज्यात मिसळले ते त्याचं. आजोबांना लॉक ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण युक्तिवाद तोच. मात्र या हिशेबात आजीची खुरपणी कोणी धरली नाही. कुळ म्हणून नाव लागलं ते आजोबांचं.

संध्याकाळी काकांचा फोन. "ताईचं हक्कसोड कधी करून घेतोस?" 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासून मुलाइतकाच आहे, हे काकांना माहीत नाही असं नाही. पण बहिणीने सही द्यायची, भावाने साडीचोळी करायची, ही आमच्याकडची रीत.

याच काकांनी परवा घरच्या ग्रुपवर केवढं रान उठवलं होतं! ताईची पावसावरची कविता कुठून कुठून फिरत परत आमच्याच ग्रुपवर आली, खाली भलत्याचंच नाव आणि शेवटच्या दोन ओळी बदललेल्या. "ही चोरी आहे, केस करा," काका पेटले होते. ताई शांत. फिरली याचं तिला बरंच वाटत होतं. तिला लागलं ते शेवट गुळचट करून ठेवल्याचं.

तेव्हापासून तुकोबा डोक्यात आहेत. वाट्याला आलेली कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं ज्यांच्याबद्दल सांगतात, ते तुकोबा. आपण आपल्या बळाने बोलत नाही, वाणी भगवंताची, असंही तेच म्हणतात. म्हणजे जमाखर्चावर पाणी सोडलं, शब्दांवरही हक्क नाही. तरी त्यांचे अभंग आपल्या नावावर खपवणाऱ्या सालोमालोवर ते चिडलेच. दुसऱ्याचं ते आपलं म्हणतो आणि वर वचनं मोडतो, ही त्यांची तक्रार. कोणी अभंग गायले म्हणून तुकोबांकडचे अभंग कमी होत नव्हते. शेताचं तसं नाही. शेजाऱ्याने बांध कोरला की तेवढं रान गेलंच.

आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं 57 वं कलम जवळजवळ हीच तक्रार मांडतं. हक्क विकून टाकले तरी कृती आपली आहे असं सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाधेल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून 1979 मध्ये उतरवलं गेलं, त्यात त्याची नासधूस झाली. सरकारने पैसे मोजून घेतलेली वस्तू. तरीही 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष त्यांना परत द्यायला आणि 5 लाख भरपाई द्यायला सांगितलं. विकत घेतलं म्हणजे मोडायलाही मोकळे झालो, असं होत नाही. मालकीबद्दल मी वाचलेल्या जाडजूड पुस्तकांपेक्षा हा निकाल मला जास्त पटतो.

काकांना मात्र हे कसं पटवायचं? कवितेखालचं ताईचं नाव गेलं तर चोरी, सातबाऱ्यावरचं काढलं तर रीत. बरं, कवितेपायी तिला रुपया मिळणार नाही. रानात विहीर आहे, शिवाय रस्त्याला लागून तीस गुंठे.

जेवताना ताईला म्हणालो, "तू सही करणार नाहीस, हे मी काकांना सांगतो."

"तू का?" ती म्हणाली. "माझं नाव लागलंय ना, मग मी सांगेन."