दुगुनीत निघालेले काका

इनडोअर सायकलिंगच्या क्लाससाठी गाणी निवडताना मी आधी बीट मोजते, आवडनिवड नंतर. पंधरा सेकंद ठेका मोजायचा आणि चारनं गुणायचं. १२८ आले की गाणं चढासाठी: दर दुसऱ्या बीटला उजवा पाय खाली, म्हणजे मिनिटाला पेडलच्या ६४ फेऱ्या. १७० आले तर सपाट रस्त्यासाठी, ८५ फेऱ्या. ९० बीटचं गाणंही सपाटीलाच, फक्त तिथे प्रत्येक बीटला उजवा पाय.

नेहमीच्या मंडळींच्या पायांत हे मुरलेलं असतं. नव्या माणसाचं काय होतं, ते मी एका संध्याकाळी समोर पाहिलं.

वॉर्मअप संपून चढाचं गाणं लागलं. चाक जड करणारा नॉब उजवीकडे फिरवा, असं मी सगळ्यांना सांगितलं. बाकीच्यांचे पाय जड, संथ पडायला लागले आणि मागच्या रांगेत, त्याच दिवशी पहिल्यांदा आलेल्या एका काकांचे गुडघे नुसते भिरभिरत होते. नॉब जवळजवळ मोकळा. प्रत्येक बीटला उजवा पाय, सरळ दुगुन! कंबर सीटवर आदळतेय, खांदे कानांना टेकलेत, हँडल गच्च आवळलेलं. आणि ठेका मात्र एकदाही चुकत नव्हता. कान पक्का होता म्हणूनच ते त्या वेगात जाऊन पोचले होते.

आमच्या सायकलींना फ्रीव्हील नसतं. म्हणजे रस्त्यावरच्या सायकलीसारखे पाय थांबवून चाक मोकळं फिरू देता येत नाही. थांबवायला गेलात तरी फ्लायव्हील, म्हणजे सायकलीचं जड चाक, पेडल फिरवतच राहतं, पायांना ओढून नेतं. दचकून पाय काढला तर पेडल थेट नडगीवर. त्यामुळे लांबून ‘थांबा’ असं ओरडायची सोय नव्हती. मी आवाज कमी केला, बाकीच्यांना तसंच चालू ठेवायला सांगितलं आणि काकांच्या शेजारी गेले.

“काका, पाय काढू नका. नॉब उजवीकडे घ्या. अजून. अजून थोडा.”

चाक जड होत गेलं तसा वेग उतरला, पण आता पाय ठेक्याबाहेर गेले आणि काका गोंधळले. मग मी त्यांच्या हँडलवर तळहातानं थाप देत राहिले, एक बीट सोडून एक. “उजवा… उजवा…” गाण्याचं एक कडवं त्यात गेलं. ध्रुवपद आलं तेव्हा खांदे खाली आले होते आणि थाप थांबवली तरी पाय बरोबर पडत होते.

लय पायांना ओढते, हे लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१० साली सायकल चालवणाऱ्यांवरच दाखवलंय: त्याच गाण्यांची लय दहा टक्के वाढवली की ते जास्त जोर लावत, घटवली की कमी. पण एका गाण्यात दोन वेग असतात आणि त्यातला कुठला घ्यायचा, ते गाणं सांगत नाही. ते सांगायला मी तिथे असते. म्हणून पहिल्या चढाला मी झांजा-टाळ्यांची गर्दी असलेलं गाणं घेत नाही. खालचा जाड ठोका मोकळा ऐकू यायला हवा. आणि सूचना द्यायची ती ध्रुवपदाच्या आठ बीट आधी, गायकाचा आवाज नसताना.

क्लासनंतर काकांनी विचारलं, “मॅडम, पुढच्या वेळी जरा हळू गाणं लावाल का?”

“गाणं हेच लावणार, काका,” मी म्हटलं. “तुम्ही दहा मिनिटं आधी या आणि पुढच्या रांगेत बसा. सीटची उंचीही नीट लावून घेऊ.”