अ‍ॅन्झॅक बिस्किटं: सोडा, सिरप आणि वेळेवर उघडलेला ओव्हन

२४ एप्रिल, संध्याकाळ

उद्या अ‍ॅन्झॅक डे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली २५ एप्रिलला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं सैन्य (इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘अ‍ॅन्झॅक’) उतरलं, त्याच्या स्मरणार्थ ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये पहाटे सभा होतात आणि घरोघरी ओट्स-खोबऱ्याची ही बिस्किटं भाजली जातात. ती खंदकांत पोचायची, असं सर्रास सांगितलं जातं. सैनिकांच्या शिध्यात मात्र असायचं ते दात मोडेल असं कडक बिस्किट, फोडून पाण्यात भिजवून लापशी करावी असं. ओट्सची गोड बिस्किटं बरीचशी मायदेशीच, युद्धनिधीसाठीच्या विक्रीत खपली. खोबरंसुद्धा सुरुवातीच्या कृतींत नव्हतं, ते १९२०च्या दशकात आलं. पण आता त्याच्याशिवाय ती अपुरी लागतात. हट्टाने बिनखोबऱ्याची करण्यात काही अर्थ नाही.

अंडं यात कुठेच नाही, त्यामुळे अंडं न चालणाऱ्या घरात काहीही न बदलता जमतात.

मापं. तिकडच्या कृती कपात असतात. ऑस्ट्रेलियन कप २५० मिलीचा आणि मोठा चमचा २० मिलीचा. आपल्याकडचा मापाचा चमचा १५ मिलीचा, म्हणून कृती जशीच्या तशी उचलली की सिरप कमी पडतं आणि बिस्किटं भुगा होतात. वजनी घेतलेलं बरं. बटर आपल्याकडे १०० ग्रॅमच्या पुड्यात सहज मिळतं, हिशोब त्यावर:

बटर १०० ग्रॅम, मैदा १२० ग्रॅम, रोल्ड ओट्स ७५ ग्रॅम, डेसिकेटेड कोकोनट ६५ ग्रॅम, साखर १३० ग्रॅम (निम्मी ब्राऊन शुगर चालते), गोल्डन सिरप (उसाच्या साखरेचं घट्ट, सोनेरी सिरप) २ मोठे चमचे (१५ मिलीचे), खायचा सोडा पाऊण छोटा चमचा, उकळतं पाणी दीड मोठा चमचा. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. साधारण २२ बिस्किटं होतात.

ओट्स जाड, सपाट दाबलेले हवेत. झटपट शिजणारे बारीक ओट्स ओलावा ओढून घेतात आणि बिस्किट पसरतच नाही, गोळा तसाच फुगीर राहतो. खोबरं सुकं आणि बारीक. ओला नारळ खोवून घातला तर आतून लिबलिबीत राहतं आणि टिकत नाही. घरच्या वाटीचा कीस चालतो, फक्त आधी चाखून बघायचा: खोबरं जरा खवट असलं तर भाजल्यावर तो वास दुपटीने येतो.

गोल्डन सिरपला पर्याय म्हणून काकवी. रंग गडद येतो, गुळाची चव स्पष्ट लागते आणि कडा लवकर करपतात, म्हणून आच १० अंश कमी ठेवायची. मध वापरता येतो, पण त्याची चव खोबऱ्यावर कुरघोडी करते. साधा साखरेचा पाक मात्र नको, तो गार झाल्यावर पुन्हा रवाळ होतो.

कोरडं सगळं एकत्र कालवायचं. बटर आणि सिरप मंद आचेवर फक्त वितळवायचं, उकळी नको, नाहीतर पाणी उडून मिश्रण कोरडं पडतं. भांडं खोलगट घ्यावं. कारण यापुढची पायरी: सोडा उकळत्या पाण्यात विरघळवून त्यात ओतला की फसफसून वर येतं. ही फसफस कोरड्यावर ओतेपर्यंत टिकायला हवी, म्हणून हे सगळ्यात शेवटी. सोडा नुसता मैद्यात मिसळला तर कुठे कुठे तपकिरी ठिपके आणि तुरट घास. जास्त झाला तर साबणासारखी चव लागते, ती कशानेही झाकत नाही.

मिश्रण हाताने दाबल्यावर गोळा वळला पाहिजे. भुरभुरत असेल तर गरम पाणी एकेक छोटा चमचा घालायचं, एकदम नाही. तेलकट, सैल वाटलं तर दहा मिनिटं तसंच ठेवायचं, ओट्स ओलावा पितात. मैदा लगेच वाढवू नये.

२५ ग्रॅमचे गोळे, मध्ये ५ सेंटीमीटर जागा, बोटांनी किंचित चपटे. ट्रे गारच हवा. पहिल्या खेपेच्या तापल्या ट्रेवर दुसरी खेप मांडली की भाजायच्या आधीच बटर सुटतं आणि सगळी मिळून एक पोळी होते. ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) १६० अंशांवर आधी तापवून, दोन्ही कॉइल चालू, मधला खण.

१२ मिनिटांना कडा सोनेरी, मधोमध अजून मऊ: आतून चिवट बिस्किट हवं असेल तर इथेच काढायचं. कुरकुरीत हवं असेल तर १५ ते १६. बाहेर काढल्यावर ती बोटाने दाबली जातात, त्यामुळे कच्ची वाटतात आणि लोक पुन्हा आत ढकलतात. तिथेच बिघडतं. गरम असताना सिरप आणि बटर पातळ असतं, गार होताना ते घट्ट होतं. ५ मिनिटं ट्रेवरच ठेवून मग जाळीवर. लगेच उचलली तर मोडतात.

पूर्ण गार झाल्याशिवाय डबा लावू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर चांगली राहतात. कोकणातल्या दमट हवेत त्याआधीच नरमतात, तेव्हा १५० अंशांवर ५ मिनिटं फिरवून गार केली की कुरकुरीतपणा बराचसा परत येतो.