वह्या जाळणारा कॅशियर

लंडनहून मराठी ग्रुप घेऊन निघालं की गाइडची अर्धी चाकरी डोकी मोजण्यात आणि टॉयलेट शोधण्यात जाते. इतिहास उरलेल्या वेळात. लंडनजवळचं वेस्ट विकम हे गाव टूर कंपनीच्या पत्रकात ‘सैतानी क्लबची गुहा’ म्हणून छापलेलं असतं. पत्रक लिहिणारा तिथे कधी गेलेला नसतो, हे वेगळं सांगायला नको.

मुळात ती गुहा निसर्गाची नाहीच. पिकं बुडाली तेव्हा गावकऱ्यांना काम मिळावं म्हणून तिथला जमीनदार सर फ्रान्सिस डॅशवुडने १७४८ ते १७५२च्या सुमारास टेकडी पोखरून घेतली. मजुरी रोज एक शिलिंग, आणि निघालेल्या खडूच्या दगडातून हाय विकमचा रस्ता. एवढं सांगितलं की बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली मंडळी लगेच माना डोलावतात. आत बोगदा अरुंद, पायाखाली ओल, आणि रांग लांबली की मागच्यांना अक्षर ऐकू जात नाही. म्हणून वाटेत मी तोंडच उघडत नाही. सगळे मोठ्या गोल दालनात पोचले की एकदाच बोलते. नवे गाइड चालता चालता बोलतात आणि संध्याकाळी घसा बसला म्हणून रडतात.

त्या दिवशीही दालनात सुरुवात केली. डॅशवुडच्या क्लबची ही मंडळी स्वतःला मेडमनहॅमचे साधू म्हणवत. त्यांचा खरा अड्डा थेम्सकाठच्या मेडमनहॅम ॲबीत, म्हणजे जुन्या मठात, दारावर ‘मनाला येईल ते करा’ अशा अर्थाचं फ्रेंच वाक्य. पत्रकातल्या ‘सैतानी क्लब’चं इंग्रजी नाव ‘हेलफायर’, पण ते मुळात ड्यूक ऑफ व्हार्टनच्या क्लबचं. तो १७२१मध्येच राजाज्ञेने बंद झाला होता. नाव ह्यांना मागाहून चिकटलं. सभासदांत राजकारणी लॉर्ड सँडविच, खासदार जॉन विल्क्स. डॅशवुड तर १७६२मध्ये चक्क अर्थमंत्री झाला आणि सायडरवर, म्हणजे सफरचंदाच्या दारूवर, कर बसवून लोकांच्या शिव्या खाऊन गेला. आपल्याकडे पानिपतची जखम ताजी होती, तेव्हा हे लोक झगे घालून साधूंची नक्कल करत होते.

ऑडिट खात्यातून निवृत्त झालेले एक काका पुढे उभे होते. “ताई, हे सगळं कशावरून?”

मी पॉल व्हाइटहेडचं सांगितलं. कवी, आणि क्लबचा कारभारी. १७७४मध्ये मरण्याआधी त्याने क्लबचे कागद जाळले. स्वतःचं काळीज मात्र डॅशवुडच्या नावे ठेवलं, वर कलशासाठी पन्नास पौंड.

“म्हणजे कॅशियरनेच वह्या जाळल्या. राहिलं काय?”

“तळघरातल्या दारूचा हिशेब.”

सगळं दालन हसलं. काका हसले नाहीत. म्हणाले, “जळालेल्या फायलीवर आम्ही दोनच शेरे मारायचो. गैरव्यवहार, नाहीतर हलगर्जी. आत काही नव्हतंच, हा तिसरा शेरा कोणी मारत नाही.”

हे डोक्यातून जात नाही. कारण आज जे सांगितलं जातं त्यातलं पुष्कळसं भांडणानंतरचं. १७६३मध्ये सँडविचने लॉर्डांच्या सभागृहात उभं राहून विल्क्सच्या नावावरची अश्लील कविता वाचून दाखवली. कालपर्यंत एका पंगतीला बसणारे! त्यानंतर ज्याला जे सुचलं ते त्याने सांगितलं. विल्क्सने पूजेच्या वेळी सैतानाच्या वेषातलं माकड सोडलं आणि सँडविच घाबरून गुडघ्यावर आला, ही गोष्ट तर एका कादंबरीतून पसरली. माकड वगळू नका, गिऱ्हाईक नाराज होतं, असं कंपनीचं म्हणणं. ठीक आहे, माकड ठेवलंय; पण कादंबरीतलं म्हणूनच सांगते.

पण काहीच नव्हतं, तर मरायला टेकलेला माणूस कागद जाळत कशाला बसेल? हे काकांना बसपाशी विचारायचं होतं. तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न मारला. त्याच्या ड्यूटीचे तास भरत आले की तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही.