आमची वाटचाल : तांबडं टोक कुठे जातं?

आमच्या चुंबकांच्या शेडच्या दाराशी खुंट्यांची रांग आहे. आत येणाऱ्यानं हातातलं घड्याळ तिथे अडकवायचं, नाहीतर ते बिघडलं म्हणून आमच्याशी भांडायचं नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात 14 वर्षांपूर्वी सुरुवात केली ती पिठाच्या गिरण्यांसाठी. धान्यातून खिळा किंवा तारेचा तुकडा दगडात गेला की ठिणग्या उडतात, दगड खराब होतो. म्हणून धान्य ओतायच्या हॉपरखाली चुंबकाची पट्टी बसवायची. पगार अजून त्याच कामावर निघतात.

शाळेतल्या मुलांसाठी चुंबकाच्या प्रयोगांचे संच सुरू झाले मुलीमुळे. ती चौथीत होती. विचारलं, "बाबा, लोखंडच का चिकटतं? तांब्या का नाही?" चुंबक विकून पोट भरणाऱ्या माणसाला उत्तर येईना! मग वाचायला बसलो. लोखंडात अणूंचे बारीक बारीक गट असतात, प्रत्येक गट म्हणजे इवलासा चुंबकच. एरवी आठवडी बाजारातल्या माणसांसारखी त्यांची तोंडं दहा दिशांना. चुंबक जवळ आला की दिंडी निघावी तशी बरीचशी एका दिशेला वळतात. तांब्या-पितळेत असे गट होतच नाहीत. स्टीलचं मात्र काही सांगता येत नाही. निकेल भरपूर असलेली चांगली वाटी बहुधा चिकटत नाही, स्वस्तातली पटकन चिकटते. इंडक्शन शेगडीसाठी भांडं घ्यायला जाताना आमच्या घरी पर्समध्ये चुंबक असतो. तो बुडाला चिकटला तरच खरेदी.

पहिल्या 40 संचांत प्रत्येकी दोन पट्टीचुंबक (उत्तरेकडे थांबणारं टोक तांबडं), लोहकीस आणि टांगायला दोरा होता. महिनाभरात सहावीतल्या एका मुलीची चिठ्ठी आली : "काका, तुमचं तांबडं टोक दक्षिणेकडे जातं." मला वाटलं, लोखंडी बाकाजवळ टांगला असेल. जाऊन बघितलं तर तिचंच बरोबर. आम्ही आधी रंग लावून मग पट्ट्या चुंबक करायला तारेच्या वेटोळ्यात घालून वीज सोडायचो, आणि निम्म्या पट्ट्या उलट्या घातल्या गेल्या होत्या.

तेव्हापासून आधी चुंबक करायचा, दोऱ्याला टांगायचा, उत्तरेकडे थांबलेल्या टोकाला मग तांबडा रंग. शेडचं छत लोखंडी, तिथे टांगून उपयोग नाही. म्हणून मागे चिंचेखाली लाकडी घोडा केला. पावसाळ्यात वैताग असतो.

मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला : सारखे ध्रुव एकमेकांना ढकलतात, मग उत्तर टोक उत्तरेकडे का जातं? कारण पृथ्वीच्या उत्तरेकडे जो चुंबकी ध्रुव आहे, तो चुंबकाच्या भाषेत दक्षिण आहे. हे ऐकून मोठी माणसंही गप्प होतात.

नंतर "चुंबक मेले" म्हणून संच परत आले. पोलादी पट्ट्या आपटल्या, तापल्या किंवा सारखी टोकं शेजारी ठेवली तर दिंडी मोडते. आता आम्ही उलटसुलट टोकं जोडून, दोन्ही टोकांना नरम लोखंडाचे तुकडे लावूनच डबा भरतो.

चकचकीत निओडिमियमच्या, म्हणजे फार ताकदवान चुंबकाच्या, गोळ्या द्या म्हणून दुकानदार मागे लागतात. देत नाही. पोरानं दोन गिळल्या तर आतड्याच्या दोन घड्या मध्ये चिमटून भोक पडू शकतं.

गिरणीवाले अजून विचारतात, शाळेच्या चुंबकांना एवढा वेळ कशाला घालवता? त्यांचं बरोबर आहे. खिळ्याला कुठलंही टोक चालतं.